वर्दीबुक

बस, उईके. खुर्ची एका पायानं लंगडी आहे,
भिंतीला टेकवली की बोलत नाही.
डावीकडचा काळा फोन मेलेला आहे,
तो काढायचा ठराव अजून मंजूर व्हायचाय.
उजवीकडचा वाजला की आधी पत्ता घ्यायचा,
नाव मग, रडणं सगळ्यात शेवटी.
लोक आग सांगतात, गल्ली सांगत नाहीत.
विचारायचं : बाजूला दुकान कोणाचं? देऊळ कोणतं? दर्गा कोणता?
मग घंटा दाबायची, आणि मग हे वर्दीबुक.

तारीख, ठिकाण, गाडी निघाली, गाडी पोचली,
कारण, नुकसान, शेरा.
या रकान्यांत अख्खं शहर मावतं,
म्हणजे जेवढं जळतं तेवढं.

कपाटात जुन्या वह्या आहेत. खालच्या इंग्रजीत,
मधल्या हिंदीत, तेव्हा आपण दुसऱ्या प्रांतात होतो,
राजधानीही होतो म्हणे.
वरच्या मराठीत.
कारण मात्र तिन्ही भाषांत एकच : बिडी.

एका पानावर कासम भिस्ती, मशकीमागे दोन पैसे,
खाली त्याचा अंगठा, शाई अजून ओली वाटते.
पुढे हातपंप आला, बैलांनी ओढायचा.
बैल जाळाला बुजतात, म्हणून त्यांच्या डोळ्यांवर पट्टी,
आणि त्यांच्यापुढे बिसन धकाते, कासरा धरून.
त्याच्या डोळ्यांवर पट्टी नव्हती.

कापूस आतून जळतो. वरून हात फिरव, गार लागेल;
चौथ्या दिवशी गठाण उघडली की भसकन.
कळमन्यात मिरची पेटली तर
अर्धी आग आपल्याच डोळ्यांतल्या पाण्यानं विझते.
मे महिन्यात कूलरच्या वर्द्या,
आणि दुपारी दोनला पाईपातलं पहिलं पाणी
चहात टाकायच्या लायकीचं.

तो फळा बघ : मंजूर, भरलेली, रिक्त.
ड्रायव्हर, फायरमन, लीडिंग फायरमन, सब ऑफिसर.
सगळ्यात मोठी तुकडी रिक्तांची आहे बाप्पा.
ते रजा मागत नाहीत, पगार मागत नाहीत,
फक्त पाईप धरत नाहीत.

चौदा एप्रिलला सकाळी पटांगणात मानवंदना,
मुंबईच्या गोदीत गेलेल्या आपल्या माणसांना.
संध्याकाळी त्याच टोपीत इंदोऱ्याला, मिरवणुकीच्या बंदोबस्तावर.
सुदाम रामटेके म्हणायचा,
वर्षात हा एकच दिवस मी दोनदा ताठ उभा राहतो.
दुसऱ्यांदा कोणी हुकूम न देता.

आता हे पान.
अक्षर माझं आहे.
लकडगंज, आरामशीन. निघाली २.११, पोचली २.३०.
इथून तिथवर आठ मिनिटं लागतात, रात्री तर सहाच.
तीन नंबरची गल्ली तिकडे दोनदा आहे, उईके,
एक नाल्याच्या अलीकडे, एक पलीकडे.
मी विचारलं नाही, देऊळ कोणतं.
गाडी अलीकडे गेली, अंधारात थांबली,
तिथं कुत्रं भुंकत होतं, बाकी सगळं निजलेलं.

नुकसानीत सागवान आहे, घनफुटांत,
एक मोटर, एक पट्टा, रुपये अमुक.
चौकीदाराचं नाव तिसऱ्या दिवशी कळलं,
हिरामण, शिवनीकडचा, आडनाव कोणालाच ठाऊक नव्हतं.
तोवर बेरीज मारून झाली होती.
शेऱ्याचा रकाना कोरा आहे.
साहेबांनी सही केली, विचारलं नाही.
एकवीस वर्षं कोणीच विचारलं नाही.
तू वाचशील, वह्या चाळायची तुला सवय दिसते,
म्हणून आधीच सांगून ठेवतो.

पेन सुतळीला बांधलंय, जोरात ओढू नको.
डबा त्या खिडकीत ठेव, उंदीर पोचत नाहीत.
निघतो. फोन वाजला तर मी जिन्यातून वळणार नाही,
वळलोच तर तू मला आत घेऊ नको.
पहिली ओळ तुझ्या हातानं लिही. तारीख टाक, वेळ टाक.
आणि कारणाच्या रकान्यात
लगेच बिडी लिहू नको.